ठिणगी कोठे हरवते?
जुन्या पेट्रोल ट्रॅक्टरच्या प्रज्वलन व्यवस्थेतील दोष व त्यांची क्रमवार तपासणी

रोहिणी नक्षत्र लागले की बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील शिवारांत भाताच्या धूळवाफ पेरणीची लगबग सुरू होते. वेंगुर्ला रस्त्यालगतचे उचगाव हे अशाच शिवारांपैकी एक. मृगाचा पाऊस येण्यापूर्वी जमीन भुसभुशीत करून बी मातीआड गेले पाहिजे, हा या भागातील शेतीचा जुना नियम आहे. पाऊस कोणाची वाट पाहत नाही. अशा वेळी यंत्र सुरू झाले नाही तर नुकसान केवळ दुरुस्तीच्या खर्चाचे होत नाही. वाफसा निघून जातो, मजूर बसून राहतात आणि पेरणीचा हुकलेला दिवस पुन्हा हाती येत नाही.

यंत्र सुरू होईना की बहुधा एकच गोष्ट घडते. कोणी प्लग बदलतो, कोणी कॉइल बदलतो, कोणी कार्बोरेटर खोलून बसतो. दोन-तीन नवे भाग बसवूनही इंजिन मुके ते मुकेच राहते आणि अखेरीस चांगले यंत्र भंगाराच्या भावाने विकले जाते. वास्तविक पाहता यांतील बऱ्याच प्रसंगी दोष क्षुल्लक असतो. पॉइंटवर चढलेला मळ, ओल धरलेले झाकण किंवा सैल झालेली एखादी वायर एवढेच त्याचे कारण असते. दोष लहान असतो, शोधण्याची रीत मात्र चुकीची असते. ठिणगी कोणत्या मार्गाने येते हे समजून घेऊन त्या मार्गावर एकेक पाऊल मागे जात तपासणी केली, तर दोष आपोआप सापडतो. ही रीत समजावून देणे हाच या लेखाचा हेतू आहे.

पेट्रोलचे इंजिन आणि डिझेलचे इंजिन

आज शेतात दिसणारे बहुतेक सर्व ट्रॅक्टर डिझेलवर चालतात. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. सिलिंडरमधील हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. म्हणून डिझेल ट्रॅक्टर सुरू होत नसेल तर पुढील विवेचन त्यास लागू होत नाही.

प्रारंभीचे ट्रॅक्टर मात्र बहुतांशी पेट्रोलवर अथवा रॉकेलवर चालणारे होते. अमेरिकेत १९१७ साली बाजारात आलेला फोर्डसन हा रॉकेलवर चालणारा होता आणि त्याची ठिणगी चाकावरील मॅग्नेटोपासून मिळे. इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १९४६ ते १९५६ या काळात फर्ग्युसनचे पाच लाखांहून अधिक करड्या रंगाचे लहान ट्रॅक्टर तयार झाले. त्यांत पेट्रोलचे व रॉकेलचे असे दोन्ही प्रकार पुष्कळ होते. १९५१ साली भारतात सुमारे साडेआठ हजारच ट्रॅक्टर होते आणि ते परदेशातून आलेले होते. १९५९ साली फरिदाबाद येथे आयशरचा देशी ट्रॅक्टर तयार झाला. त्यानंतर देशात डिझेल ट्रॅक्टरांचे युग सुरू झाले आणि पेट्रोलचे ट्रॅक्टर हळूहळू गोठ्यामागे जाऊन उभे राहिले.

तरीही हा विषय कालबाह्य झालेला नाही. जुना ट्रॅक्टर निगुतीने चालता ठेवणारे हौशी शेतकरी आहेत. शिवाय कोळपणीचे लहान यंत्र, पाठीवरचा फवारणी पंप, गवत कापणीचे यंत्र आणि ओढ्यावरून पाणी उपसणारा लहान पंप यांतील पुष्कळ इंजिने पेट्रोलचीच आहेत. जुन्या ट्रॅक्टरच्या ठिणगीचे जे शास्त्र, तेच या यंत्रांच्या ठिणगीचेही आहे. एक नीट समजले की दुसरे समजण्यास वेळ लागत नाही.

ठिणगी कशी निर्माण होते?

बॅटरीचा दाब सहा किंवा बारा व्होल्ट असतो. एवढ्या दाबाची वीज प्लगच्या दोन टोकांमधील फट ओलांडू शकत नाही. त्यासाठी हजारो व्होल्टचा दाब लागतो. हा दाब वाढवण्याचे काम कॉइल करते. कॉइलमध्ये लोखंडी गाभ्याभोवती तारेची दोन वेटोळी असतात. एक जाड तारेचे व थोड्या शे वेढ्यांचे, दुसरे केसासारख्या बारीक तारेचे व हजारो वेढ्यांचे. जाड तारेतून वीज वाहू लागली की गाभ्यात चुंबकत्व येते. ती वीज एकाएकी तोडली की चुंबकत्व क्षणात नाहीसे होते आणि त्याच क्षणी बारीक तारेच्या वेटोळ्यात पंधरा-वीस हजार व्होल्टपर्यंत दाब उत्पन्न होऊ शकतो. मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाने १८३१ साली शोधलेल्या विद्युत प्रवर्तनाच्या तत्त्वाचा हा उपयोग आहे.

येथे एक गोष्ट नीट ध्यानात धरावी. ठिणगी वीज जोडल्याने पडत नाही, वीज तोडल्याने पडते. ती वेळेवर तोडण्याचे काम पॉइंट करतात. इंजिनाबरोबर फिरणारा उंचवट्याचा दांडा पॉइंट उघडतो, की ठिणगी पडते. पॉइंट उघडताना तेथे वीज उडी मारू पाहते. ती उडी कंडेन्सर थोपवतो. त्यामुळे पॉइंट जळत नाहीत आणि वीज झटक्यात तुटते. कॉइलमधून निघालेली उच्च दाबाची वीज मधल्या जाड वायरने डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणात येते. तेथील फिरता रोटर ती ज्या त्या सिलिंडरच्या प्लगकडे पाठवतो.

या कामाचा वेग ध्यानात घेण्यासारखा आहे. चार सिलिंडरचे इंजिन मिनिटाला १५०० फेरे घेत असेल, तर मिनिटाला ३००० म्हणजे सेकंदाला ५० ठिणग्या पडाव्या लागतात. एवढ्या वेगाने चालणाऱ्या व्यवस्थेत पॉइंटवरील एक मळाचा कण किंवा तेलाचा एक थेंबही अडथळा आणू शकतो.

तपासणीपूर्वीची खबरदारी

ठिणगी व पेट्रोल ही दोन्ही एकाच ठिकाणी हाताळावयाची असल्याने प्रथम सुरक्षिततेचा विचार करावा. यंत्र मोकळ्या हवेत, गवताच्या गंजीपासून दूर उभे करावे. सांडलेले पेट्रोल पुसून ते वाळू द्यावे, टाकीचे झाकण बंद करावे आणि जवळपास कोणी विडी-काडी ओढू नये. ट्रॅक्टर न्यूट्रलमध्ये ठेवून ब्रेक लावावा व चाकांना दगडाची उटी द्यावी. ठिणगी पाहताना जाड वायर ओल्या हाताने धरू नये. कोरड्या लाकडी चिमट्याने किंवा रबरी मुठीच्या पकडीने धरावी. हृदयविकार असलेल्या व्यक्तीने हे काम करू नये.

हँडल मारताना विशेष जपावे. ठिणगी फार लवकर पडल्यास इंजिन उलटा झटका देते आणि मनगट मोडण्याचा प्रसंग येतो. म्हणून ठिणगी मागेपुढे करण्याचा दांडा असल्यास तो प्रथम उशिराच्या बाजूस न्यावा. अंगठा हँडलभोवती न गुंडाळता इतर बोटांच्या बाजूसच ठेवावा. हँडल खालून वर ओढावे, वरून खाली दाबू नये.

पहिली पायरी : प्लग काय सांगतो?

काही वेळ हँडल मारूनही इंजिन सुरू झाले नाही तर प्लग काढून त्याचे तोंड पाहावे. प्लग हा इंजिनाच्या नाडीसारखा आहे.

प्लग पूर्ण कोरडा असेल आणि पेट्रोलचा वासही येत नसेल, तर इंधन सिलिंडरपर्यंत पोहोचलेले नाही. अशा वेळी ठिणगीच्या मागे न लागता टाकीतील पेट्रोल, तोटी, गाळणी व कार्बोरेटर तपासावा.

प्लग पेट्रोलने ओला असेल तर इंधन येत आहे, पण ते पेटलेले नाही. म्हणजे ठिणगी नाही, ती अशक्त आहे किंवा चोक फार वेळ बंद राहिल्याने पेट्रोल अधिक झाले आहे.

प्लगवर कोरडी काळी काजळी असेल तर इंधनाच्या मानाने हवा कमी पडते आहे. हवेची गाळणी लाल मातीच्या धुळीने भरलेली असल्यास हे लक्षण हमखास दिसते. प्लग तेलकट काळा असेल तर रिंगा झिजल्या आहेत, असा अंदाज बांधावा. प्लगचे टोक पांढरे पडून त्यावर फोड आले असतील तर इंजिन फार तापते आहे. फिकट तपकिरी किंवा करडा रंग हे निरोगी इंजिनाचे लक्षण होय.

यानंतर ठिणगी पाहावी. प्लग त्याच्या वायरीला जोडून त्याची धातूची बाजू इंजिनाच्या रंग नसलेल्या, स्वच्छ भागावर टेकवावी. मात्र तो प्लगच्या भोकापासून दूर ठेवावा, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. दुसऱ्या माणसाने हँडल मारावे व पहिल्याने प्लगवर सावली धरून पाहावे. निळसर, ठसठशीत, टिक-टिक आवाज करणारी ठिणगी चांगली समजावी. पिवळट, तांबूस, बारीक ठिणगी अशक्त होय. ती उघड्या हवेत दिसली तरी सिलिंडरमधील दाबाखाली विझते. ठिणगी दिसली एवढ्यावर समाधान मानू नये, तिचा रंगही पाहावा, असे म्हणतात ते यासाठीच.

मळलेला प्लग तारेच्या ब्रशने साफ करून पेट्रोलने धुवावा आणि पूर्ण वाळवावा. त्याच्या चिनी मातीच्या भागाला केसाएवढा जरी तडा असला तरी तो बाद करावा. टोकांमधील फट जुन्या ट्रॅक्टरांत साधारणपणे ०.६ ते ०.७५ मिलिमीटर असते. यंत्राच्या पुस्तिकेत वेगळे माप दिले असल्यास तेच प्रमाण मानावे. प्लग परत बसवताना प्रथम हाताने पूर्ण फिरवावा व मग पान्याने आवळावा. नव्या वायसरला सुमारे अर्धा फेरा पुरतो, जुन्याला त्याहूनही कमी.

दुसरी पायरी : प्लगपासून कॉइलपर्यंत

नवा किंवा साफ केलेला प्लग लावूनही ठिणगी नसेल तर मागे सरकावे. डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणाच्या मध्यभागी कॉइलकडून येणारी जाड वायर झाकणातून काढून तिचे टोक इंजिनाच्या अंगापासून सुमारे ६ मिलिमीटर दूर धरावे आणि हँडल मारावे. या एका तपासणीने दोषाचे क्षेत्र निम्म्याने कमी होते.

येथे जोरदार ठिणगी पडत असेल तर कॉइल, पॉइंट व कंडेन्सर निर्दोष आहेत. दोष पुढच्या भागात, म्हणजे झाकण, रोटर किंवा प्लगच्या वायरींत आहे. झाकण काढून ते आतून-बाहेरून कोरड्या फडक्याने पुसावे. मार्कंडेय नदीकाठच्या या भागात पावसाळ्यातील हवा इतकी दमट असते की एका रात्रीतही झाकणात दव साचते. असे झाकण उन्हात ठेवले किंवा चुलीच्या उबेपासून हातभर अंतरावर धरले की कोरडे होते. आगीवर मात्र धरू नये. झाकणाच्या आत पेन्सिलीच्या रेघेसारखी काळी वाट दिसली तर वीज तेथून गळते आहे असे समजावे. अशी रेघ पुसून जात नाही, झाकण बदलावेच लागते. मधला कोळशाचा तुकडा झिजला आहे काय, रोटरला तडा आहे काय, हेही पाहावे.

वायरींची गळती शोधण्याची सोपी युक्ती म्हणजे इंजिन सुरू असताना अंधारात पाहणे. आवरण फाटलेल्या वायरीतून निळ्या ठिणग्या सरपटताना स्पष्ट दिसतात.

इंजिन सुरू होते पण अडखळते, अशा वेळी एकेका प्लगची वायर रबरी पकडीने क्रमाने थोडा वेळ काढून पाहावी. जी वायर काढल्यावर इंजिनाच्या आवाजात फरक पडत नाही, तोच सिलिंडर काम करत नाही.

तिसरी पायरी : पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल

मधल्या वायरीवरही ठिणगी नसेल तर दोष कमी दाबाच्या मार्गात आहे. या मार्गातील दोषांत पॉइंटचे दोष फार आढळतात. तरी तपासणी बॅटरीपासूनच सुरू करावी. बॅटरीच्या टोकांवरील हिरवट-पांढरा क्षार काढून ती आवळावीत. काही जुन्या विलायती ट्रॅक्टरांत बॅटरीचे अधिक टोक अर्थला जोडलेले असते, हे ध्यानात ठेवूनच जोडणी करावी.

अँपिअर दाखवणारे घड्याळ चालू असेल तर ते उत्तम वैद्य आहे. चावी लावून हळूहळू हँडल फिरवताना काटा शून्यापासून किंचित खर्चाच्या बाजूस जावा व परत यावा. तो हलता राहिला तर पॉइंट उघड-मीट करीत आहेत. तो शून्यावरच स्थिर असेल तर वीज वाहत नाही. तो खर्चाच्या बाजूसच अडकला असेल तर पॉइंट उघडत नाहीत किंवा वाटेत कोठेतरी वीज परस्पर अर्थ होते आहे.

घड्याळ नसेल तर बॅटरीच्या दाबाचा लहान दिवा घ्यावा. त्याचे एक टोक इंजिनाच्या अंगाला व दुसरे कॉइलच्या डिस्ट्रिब्यूटरकडील खिळ्याला लावावे. चावी लावून हँडल फिरवताना दिवा लुकलुकला तर हा मार्ग ठीक आहे. दिवा सतत पेटता राहिला तर पॉइंट मिटत नाहीत किंवा त्यांवर मळ बसला आहे. दिवा मुळीच लागला नाही तर तो कॉइलच्या चावीकडील खिळ्याला लावून पाहावा. तेथेही न लागल्यास दोष चावीत किंवा वायरीत आहे. तेथे लागल्यास डिस्ट्रिब्यूटरकडे जाणारी वायर कॉइलवरून सोडवावी आणि दिवा पुन्हा पहिल्या खिळ्याला लावावा. आता तो लागला तर कॉइलचे जाड वेटोळे शाबूत आहे आणि डिस्ट्रिब्यूटरमध्ये किंवा कंडेन्सरमध्ये वीज अर्थ होते आहे. आताही लागला नाही तर कॉइल आतून तुटली आहे.

पॉइंट साफ करताना बारीक कानस किंवा बारीक काचकागद हलक्या हाताने फिरवावा आणि नंतर कोरा जाड कागद मध्ये धरून ओढावा, म्हणजे पूड व तेलाचा अंश निघून जातो. कित्येक महिने बंद असलेल्या इंजिनाची ठिणगी एवढ्यानेच परत आल्याची उदाहरणे मिस्त्री लोक सांगतात. त्यानंतर दांड्याचा उंचवटा पॉइंट पूर्ण उघडेल अशा ठिकाणी इंजिन फिरवून फट मोजावी. यंत्रानुसार ती साधारण ०.३ ते ०.६ मिलिमीटर असते. नेमके माप पुस्तिकेवरून घ्यावे व फीलर गेजच्या पात्याने तपासावे. फट कमी पडली तर पॉइंट जळतात व ठिणगी उशिरा पडते. फट जास्त झाली तर कॉइलमध्ये पुरेसे चुंबकत्व येण्यास वेळ मिळत नाही आणि ठिणगी लवकर पडते. म्हणजेच पॉइंटची फट बदलली की टायमिंगही बदलते.

साफ केलेले पॉइंट थोड्याच दिवसांत पुन्हा निळे-काळे पडत असतील, एका पॉइंटवर टेकाड व दुसऱ्यावर खळगा दिसत असेल, तर कंडेन्सर संशयास्पद मानावा. हा भाग स्वस्त असतो. त्यामुळे चांगला कंडेन्सर लावून पाहणे ही त्याची सर्वांत सोपी परीक्षा होय.

चावी कधीही विनाकारण चालू ठेवू नये. इंजिन थांबलेले आणि पॉइंट मिटलेले असले तर वीज कॉइलमधून सतत वाहत राहते. कॉइल तापून जळते व बॅटरीही उतरते. सहा व्होल्टच्या यंत्रावर बारा व्होल्टची बॅटरी बसवताना कॉइलचाही विचार न केल्यास तोच परिणाम होतो.

मॅग्नेटो आणि आजची लहान इंजिने

काही ट्रॅक्टरांत बॅटरीऐवजी मॅग्नेटो असतो. फिरते चुंबक स्वतःच वीज निर्माण करते. जर्मनीतील रॉबर्ट बॉश यांच्या कारखान्यात १९०२ साली उच्च दाबाचा मॅग्नेटो सिद्ध झाला, तेव्हापासून दीर्घकाळ शेतीच्या इंजिनांचा भरवसा त्यावरच होता. ट्रॅक्टरच्या मॅग्नेटोला बहुधा स्प्रिंगचा जोड असतो. हँडल सावकाश फिरवताना तो ‘टक’ असा आवाज करतो आणि चुंबकाला झटका देतो. हा आवाज येत नसेल तर स्प्रिंग तुटली आहे किंवा जुन्या ग्रीसने जोड चिकटला आहे. मग कितीही हँडल मारले तरी जोरदार ठिणगी मिळत नाही.

आजच्या लहान इंजिनांत चाकातच चुंबक बसवलेले असते, आणि बहुतेकांत पॉइंटही नसतात. त्यांचे काम इलेक्ट्रॉनिक भाग करतो. तेथे तीन गोष्टी क्रमाने पाहाव्यात. पहिली गोष्ट, इंजिन बंद करण्याच्या बटणाची वायर. हे बटण ठिणगीची वीज अर्थ करून इंजिन थांबवते. वायरीचे आवरण घासून ती अंगाला टेकली तर बटण न दाबताही ठिणगी नाहीशी होते. ती वायर तात्पुरती सोडवून ठिणगी आली तर दोष सापडला. त्यानंतर वायर दुरुस्त करून परत जोडावी. अन्यथा इंजिन थांबवण्याचे साधनच उरणार नाही. दुसरी गोष्ट, तेलाची पातळी. काही इंजिनांत तेल कमी झाल्यास ठिणगी आपोआप तोडण्याची सोय असते. असे यंत्र बांधावर तिरपे ठेवले तरी ते सुरू होत नाही. तिसरी गोष्ट, कॉइल व चाक यांमधील फट. ती साधारण जाड पोस्टकार्डाएवढी, सुमारे ०.३ ते ०.४ मिलिमीटर असावी. चाकावरील चुंबकाचा गंजही पुसून काढावा.

तापल्यावर बंद पडणारे इंजिन आणि ठिणगी असूनही न पेटणारे इंजिन

काही इंजिने सकाळी नीट चालतात, अर्ध्या तासाने बंद पडतात आणि निवल्यावर पुन्हा सुरू होतात. या दोषाने पुष्कळांची फसगत होते. बंद पडल्याक्षणी ठिणगी तपासावी. ठिणगी नसेल तर तापलेली कॉइल किंवा कंडेन्सर दोषी आहे. निवाल्यानंतर केलेल्या तपासणीत हे भाग निर्दोष दिसतात, हेच या दोषाचे वैशिष्ट्य होय. ठिणगी जोरदार असेल तर टाकीच्या झाकणाचे हवेचे भोक उघडून पाहावे. ते मातीने बुजले असल्यास पेट्रोल खाली उतरत नाही.

ठिणगी चांगली, पेट्रोलही पोहोचते, तरी इंजिन पेटत नसेल किंवा कार्बोरेटरमधून भडका मारत असेल तर टायमिंग पाहावे. पहिल्या सिलिंडरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन हळू फिरवले की दाबाची फेरी कळते. चाकावरील खूण जुळताना रोटरचे तोंड झाकणातील पहिल्या वायरीकडे असले पाहिजे. पुढच्या वायरी पेटण्याच्या क्रमानेच लागल्या पाहिजेत. फर्ग्युसनसारख्या अनेक चार सिलिंडरच्या इंजिनांत हा क्रम १-३-४-२ असतो, काहींत तो १-२-४-३ असतो. वायरी काढण्यापूर्वी त्यांवर दोऱ्याच्या गाठींनी क्रमांक घालून ठेवल्यास हा घोळ होतच नाही.

रॉकेलवर चालणाऱ्या इंजिनाबाबत आणखी एक पथ्य आहे. ते पेट्रोलवर सुरू करून तापल्यावरच रॉकेलवर घ्यावे आणि थांबवण्यापूर्वी काही मिनिटे पुन्हा पेट्रोलवर चालवावे. नाही तर कार्बोरेटरमध्ये रॉकेल राहते, प्लग भिजतो आणि दुसऱ्या दिवशी दोष ठिणगीच्या माथी मारला जातो.

निगा आणि शिक्षण

अलीकडे पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या यंत्रांतील काही रबरी भागांना मानवत नाही. म्हणून हंगाम संपल्यावर टाकी व कार्बोरेटर रिकामे करून ठेवावे. बॅटरी सोडवून कोरड्या जागी ठेवावी व महिन्या-दीड महिन्याने भारून घ्यावी. डिस्ट्रिब्यूटरवर गोणपाट टाकू नये, कारण ओले गोणपाट ओल धरून ठेवते. छपराखाली हवा खेळती राहील अशी व्यवस्था करावी. रोहिणीच्या पंधरा दिवस आधी इंजिन एकदा सुरू करून पाहावे, म्हणजे दोष पेरणीच्या दिवशी न कळता आधी कळतो.

शाळांतील विज्ञान शिक्षकांनाही या विषयाचा उपयोग होण्यासारखा आहे. फॅरेडेचा नियम फळ्यावर शिकवला जातो, परंतु तो गावातल्याच एखाद्या निकामी कॉइलमध्ये व पॉइंटमध्ये प्रत्यक्ष दाखवता येतो. पेट्रोल व बॅटरी दूर ठेवून, सुटे भाग टेबलावर मांडून विद्यार्थ्यांना वीज कोठून येते, कोठे तुटते व कोठे जाते हे बोटाने दाखवायला लावावे. ज्या मुलाला हा मार्ग सांगता येईल, त्याला पुढे मोठ्या यंत्राची भीती वाटणार नाही.

याच बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ साली सायकलींच्या दुकानापासून आपल्या उद्योगाचा आरंभ केला आणि पुढे लोखंडी नांगरापर्यंत मजल मारली. यंत्र उघडून समजून घेण्याची ही परंपरा या परिसराची स्वतःची आहे. जुन्या पेट्रोल ट्रॅक्टरपाशी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ती आजही उपयोगी पडेल. प्लगपासून वायरीकडे, वायरीकडून झाकणाकडे, झाकणाकडून कॉइलकडे आणि कॉइलकडून पॉइंटकडे, असे एकेक पाऊल मागे जावे. एका वेळी एकच गोष्ट तपासावी, एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये. असे केल्यास हरवलेली ठिणगी सापडते आणि पेरणीचा दिवसही वाया जात नाही.